नावांचे ऋण

महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या गावाच्या वेशीपाशी, महादेवाच्या देवळाच्या ओवरीत किंवा पाणवठ्याच्या वाटेवर, निम्मीअधिक जमिनीत रुतलेली, पावसापाण्याने झिजलेली आणि कोणा भाविकाने शेंदूर फासल्यामुळे देवत्व पावलेली उभी शिळा पुष्कळांच्या पाहण्यात असेल. ती वीरगळ होय. तिच्या तळच्या पट्टीत झुंज कोरलेली असते, आणि पुष्कळदा त्या झुंजीशेजारी गुरांचा कळपही दिसतो, कारण गावचे गोधन पळवून नेणाऱ्यांचा पाठलाग करताना धारातीर्थी पडलेल्या साध्या माणसांच्या स्मरणार्थ यांतील कितीतरी शिळा उभारल्या गेल्या; मधल्या पट्टीत अप्सरा त्या वीराला स्वर्गी घेऊन जात असतात; वरच्या पट्टीत तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो; आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात, कारण ते आकाशात आहेत तोवर त्याची कीर्ती टिकावी अशी ती शिळा उभारणाऱ्यांची कामना होती. बोरिवलीनजीक एकसर येथील वीरगळांवर तर शिलाहारांच्या काळातील जलयुद्ध कोरलेले असून वल्ही मारणाऱ्या नाविकांसह गलबतांच्या रांगा आजही तेथे स्पष्ट दिसतात.

परंतु हा वीर कोण, कोणत्या घरचा, कोणासाठी लढला आणि त्याच्यामागे कोण राहिले, हे विचारू गेल्यास बहुतेक गावांत उत्तर मिळत नाही. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख आहेत, त्यामुळे तेथील वीराचे नाव, त्याचे गाव आणि त्या वेळचा राजा यांची माहिती अभ्यासकांना लाभते. आमच्याकडील बहुसंख्य शिळांवर अक्षर नाही. ज्या काळी त्या उभ्या राहिल्या त्या काळी त्याची आवश्यकताही वाटली नसेल, कारण तो गडी कोण हे अवघ्या पंचक्रोशीला ठाऊक होते आणि त्याच्या नातवंडांना त्याची कथा आजीकडून ऐकावयास मिळत होती. पुढे दुष्काळ पडले, गावे उठली, घराणी देशोधडीस लागली आणि ती सांगणारी तोंडे मिटली. शिळा तेवढी राहिली. युद्धावरून परतलेल्या व न परतलेल्या सैनिकांचा सन्मान करणे म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार करताना या अनाम शिळांपासून प्रारंभ करणे मला उचित वाटते, कारण स्मारक टिकले म्हणजे स्मृती टिकतेच असे नाही, याचा इतका पुरातन आणि इतका घरचा पुरावा दुसरा नाही.

मराठी राज्याच्या कारभारात या सन्मानाला एक व्यवहारी अंगही होते, आणि त्याची वाखाणणी व्हावी तेवढी झालेली नाही. लढाईत कामास आलेल्या शिलेदाराच्या वा शिपायाच्या पोराबाळांस सरकारातून जी नेमणूक करून दिली जाई तिला बालपरवेशी म्हणत, आणि पेशवे दप्तरात अशा नेमणुकांच्या व इनामांच्या नोंदी आढळतात. त्या नोंदींची भाषा कोरडी असते. अमुक इसम अमुक लढाईत ठार झाला, सबब त्याच्या कुटुंबास इतके द्यावे, एवढाच मजकूर. पण त्या कोरड्या मजकुरात माणसाचे नाव असते, लढाईचे ठिकाण असते आणि त्याच्यामागे राहिलेल्यांची जबाबदारी आपली आहे, अशी राज्यकर्त्यांनी दिलेली लेखी कबुली असते. सिंहगडावर तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, तिच्यापुढे मस्तक नमवावे. मात्र ज्यांची समाधी कोठेच नाही अशा शेकडो शिपायांची आठवण त्या काळच्या कारकुनाने राखली, हेही विसरू नये.

नाव कोरलेले असणे आणि नसणे यांत केवढे अंतर आहे हे भीमा नदीकाठच्या कोरेगावच्या स्तंभावरून कळते. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे झालेल्या लढाईत इंग्रज कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावे त्या स्तंभावर कोरलेली असून त्यांत ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची, नावे मोठ्या संख्येने आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा आमचे पूर्वज सैनिक होते हे सांगण्यासाठी त्या समाजातील पेन्शनर सैनिकांना आणि कार्यकर्त्यांना अर्जविनंत्या कराव्या लागल्या. आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जे स्वतः एका सुभेदाराचे पुत्र होते, त्या स्तंभापाशी आले. ती लढाई कोणाविरुद्ध होती याविषयी निरनिराळ्या मनांत निरनिराळ्या भावना आहेत आणि त्या असणे स्वाभाविक आहे. मला येथे इतकेच नमूद करावयाचे आहे की, दगडावर नावे होती म्हणून शंभर वर्षांनंतरच्या पिढीला आपले वाडवडील तेथे सापडले, आणि त्या नावांच्या आधारे तिला आपला हक्क मांडता आला. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली, तिच्यामागे या मागणीची दीर्घ परंपरा होती.

आता पहिल्या महायुद्धाकडे वळू. त्या युद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि त्यांतील सुमारे ७४,००० परतली नाहीत. आमच्या मुलखातील शिपायांचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढला. पुण्याचे नाव धारण करणारी सहावी डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये त्या भूमीवर उतरली. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतील, बहुधा कोरडवाहू तुकड्यावर वा डोंगरउतारावरच्या नाचणीवर गुजराण करणारी ही माणसे टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने चालत गेली. बगदादच्या अलीकडे माघार घ्यावी लागल्यावर जनरल टाउनशेंडची ही फौज कुत-अल-अमारा या गावी कोंडली गेली. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने तो वेढा चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस देण्यात येऊ लागले. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी धर्मभावनेमुळे ते प्रथम नाकारले, आणि हिंदुस्थानातील धर्मगुरूंची अनुज्ञा तारेने मागवूनही कित्येकांचा जीव त्याला धजला नाही. बेरीबेरी आणि रक्तपिती यांनी माणसे खंगून मरू लागली. वेढा फोडण्यासाठी खालून चालून आलेल्या फौजेचेही अपरिमित नुकसान झाले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसांनी शस्त्रे खाली ठेवली, आणि त्यानंतर वाळवंटातून पायपीट करीत कैदेत गेलेल्या शिपायांपैकी हजारो वाटेत आणि छावण्यांत मरण पावले. ११७ व्या मराठा पलटणीला युद्धानंतर ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. त्या एका शब्दासाठी सह्याद्रीच्या कुशीतील किती घरांनी किती मोल दिले, हे मात्र त्या पदवीत कोठेही लिहिलेले नाही.

या मृतांचे स्मारक बसरा येथे उभारण्यात आले. १९२९ मध्ये त्याचे अनावरण झाले. पुढे १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने ते मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, भर ओसाडीत, पुन्हा उभे करण्यात आले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे हे स्मारक आहे. परंतु त्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांची नावे कोरलेली असताना हिंदी फौजेपैकी केवळ अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली, आणि साध्या शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव व त्याखाली ‘आणखी इतके’ असा एक आकडा आला. नावे ठाऊक नव्हती असे म्हणावे, तर पुष्कळांची नावे दप्तरी नोंदलेली होती. ती दगडावर आणण्याची निकड कोणाला भासली नाही. आश्चर्य असे की, ज्या कमिशनने हे स्मारक उभारले त्याने १९१७ मधील आपल्या स्थापनेपासून हुद्दा वा धर्म यांचा भेद न करता सर्व मृतांना समान मानण्याचे तत्त्व जाहीर केले होते. या असमानतेची रीतसर चौकशी होऊन तिचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने जाहीर क्षमा मागितली. निदान ४५,००० मृतांच्या बाबतीत, आणि त्यांत हिंदी व आफ्रिकी माणसे बहुसंख्य होती, स्मरणाचा व्यवहार समानतेने झाला नव्हता, असे त्या अहवालात नमूद आहे. शंभर वर्षांनी का होईना, एका संस्थेने आपला दोष दप्तर उघडून पदरात घेतला, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि तिच्याकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आपल्या अनेक गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत, संगमरवराची एक लहानशी पाटी बसविलेली असते, आणि या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतकी माणसे गेली व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असे तिच्यावर इंग्रजीत लिहिलेले असते. येथेही आकडाच. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव त्या युद्धातील आपल्या ४६ मृतांच्या स्मारकासाठी प्रसिद्ध आहे. तेथे घरटी सैनिक देण्याची परंपरा आजतागायत अखंड आहे आणि लोक त्या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखतात. अपशिंग्यास जे साधले ते इतरत्र का साधले नाही? माझ्या मते, राष्ट्रीय चळवळीच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही या माणसांविषयी आपल्या मनात एक संकोच होता. परक्या राज्यकर्त्यांच्या पगारावर, परक्या राजाच्या निशाणाखाली लढलेल्यांचा गौरव कसा करावयाचा, या विचाराने सुशिक्षितांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली; आणि ज्या घरांतून ते गेले त्या घरांत लिहिणारे हात नव्हते. साम्राज्याने ते युद्ध कशासाठी केले याचा न्यायनिवाडा अवश्य व्हावा, आणि तो कठोरपणे व्हावा. पण दुष्काळी गावातून, सारा थकलेला, घरी चार तोंडे खाणारी, अशा अवस्थेत भरतीच्या अंमलदारापुढे उभा राहिलेला अठरा वर्षांचा मुलगा त्या साम्राज्याचा धनी नव्हता. आणि एकदा पलटणीत गेल्यावर शेजारच्या गड्यासाठी तो ज्या निष्ठेने मेला, ती निष्ठा तर सर्वस्वी त्याची स्वतःची होती.

रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील पळसगाव-आंबिवली येथे १९२१ मध्ये जन्मलेल्या यशवंत घाडगे यांची कथा या संदर्भात सांगण्याजोगी आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सर्वजण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा यांचा निकाल लावला, टॉमीगनने आणखी एकाला टिपले, आणि नवे मॅगझिन चढविण्यास सवड नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळविले. त्याच ठाण्यात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची ज्ञात समाधी नाही. इटलीतील कसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे, आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. पण याहून विशेष असे काही जुलै २०२३ मध्ये घडले. ज्या डोंगराळ भागात ते पडले तेथील मोन्तोने या गावच्या लोकांनी आणि इटलीतील लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून घाडगे यांच्या नावे एक सूर्यघटिका उभारली. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा आशयाचे लॅटिन वचन तिच्यावर कोरले आहे. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ हिंदी सैनिक मरण पावले. त्यांतील एकाचे नाव उच्चारावयास, ज्यांचा त्याच्या भाषेशी वा धर्माशी काडीचाही संबंध नाही आणि ज्यांनी त्याचे गाव कधी पाहिले नाही, अशी माणसे ऐंशी वर्षांनंतर एकत्र जमतात, याचे मला अतिशय अप्रूप वाटते. आणि त्याच क्षणी आपल्याकडील किती तालुक्यांत असा प्रयत्न झाला, हा विचार मनाला बोचतो.

घाडगे पडले, नामदेव जाधव परतले. संगमनेर तालुक्यातील निमज गावचे हे शिपाई, त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतले. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतीलच सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमी साथीदारांना, एकामागून एक, खोल पाण्यातून, उभ्या चढाच्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पाठीवर वाहून सुरक्षित जागी आणले. नंतर एकट्याने शत्रूची तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. आणि अखेर बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत उरलेल्या तुकड्यांना पुढे बोलाविले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्यानंतर ते जवळजवळ चाळीस वर्षे जगले. १९८४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारचे राम राघोबा राणे हेही असेच. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूने सुरुंगांनी आणि तोडलेल्या झाडांनी अडविला होता. बॉम्बे सॅपर्सच्या या अधिकाऱ्याने मांडीला जखम झालेली असतानाही अनेक दिवस अहोरात्र खपून तो रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा केला. परमवीर चक्र हयातीत मिळविणाऱ्या पहिल्या वीरांपैकी ते एक. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ पर्यंत पुण्यात राहिले. या दोघांना किती पुणेकरांनी रस्त्यात ओळखले असेल? पडलेल्या वीराचा पुतळा उभारणे तुलनेने सोपे असते, कारण पुतळा काही मागत नाही, वृद्ध होत नाही आणि आपल्याला अस्वस्थ करील असे काही बोलत नाही. जिवंत सैनिकाकडे मात्र वेळ द्यावा लागतो, त्याच्या कचेरीतील हेलपाट्यांत त्याच्याबरोबर उभे राहावे लागते, आणि तो जे सांगेल ते, मग ते वीररसाने भरलेले असो वा नसो, ऐकून घ्यावे लागते.

या हेलपाट्यांविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. सैनिक तरुणपणी निवृत्त होतो. पस्तिशी-चाळिशीत तो गावी येतो तेव्हा मुले शाळेत असतात, शेतीची वाटणी झालेली असते आणि ज्या शिस्तीत त्याची उमेदीची वर्षे गेली तिला गावात गिऱ्हाईक नसते. त्याच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते, ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो, १४ जानेवारीला, फील्ड मार्शल करिअप्पा ज्या दिवशी सेवानिवृत्त झाले त्या दिवशी, माजी सैनिकांचा दिन पाळला जातो. ही व्यवस्था उपयुक्त आहे आणि तिच्यात काम करणारी पुष्कळ माणसे कळकळीची असतात. परंतु ज्याचे शरीर युद्धात मोडले त्याची कथा आपल्याकडे जवळजवळ सांगितलीच जात नाही. पुण्याजवळच्या खडकीत जायबंदी सैनिकांना हुन्नर शिकविणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही १९१७ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे, आणि कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जर्जर झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. त्यांना पद्मश्री मिळावयास २०१८ साल उजाडावे लागले. शाळेच्या सहली किल्ल्यांवर जातात, आणि जाव्यातच. त्यांतील एक खडकीलाही, तेथील अधिकाऱ्यांची अनुज्ञा घेऊन आणि सैनिकांची सोय पाहून, अवश्य जावी.

२०१९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर प्राणार्पण केलेल्या २५,००० हून अधिक सैनिकांची नावे त्याच्या त्यागचक्रातील ग्रॅनाइटच्या भिंतींवर, प्रत्येकाचे स्वतंत्र, कोरलेली आहेत, आणि हुतात्म्याच्या आप्तांच्या हस्ते तेथे पुष्पचक्र वाहण्याचा शिरस्ता पाळला जातो. बसऱ्याच्या भिंतीवरील आकड्याला स्वतंत्र देशाने दिलेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. पण दिल्ली दूर आहे, आणि त्या भिंतीवरील नाव ज्या गावचे, त्या गावच्या शाळेतील मुलांना ते ठाऊक असेलच असे नाही. शिवाय १९४७ पूर्वीच्या मृतांची व्यवस्था निराळी करावी लागेल. हे काम वाटते तितके अवघड नाही. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदवह्या आता कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यांतील हिंदी शिपायांच्या नोंदींत पुष्कळदा बापाचे नाव, गाव व तालुकाही दिलेला असतो, फक्त इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिल्यामुळे गावाचे नाव ओळखण्यास स्थानिक माणूसच लागतो. हे काम तालुक्यातील एखादा प्राथमिक शिक्षक, निवृत्त तलाठी आणि चार उत्साही विद्यार्थी एका पावसाळ्यात करू शकतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडे वा त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे लिहून खातरजमा करावी, मृताच्या घराण्याचा शोध घ्यावा, आणि संगमरवरी पाटीवरील आकड्याखाली नावे कोरावीत. कोकणातील गावांनी खलाशांनाही विसरू नये. पहिल्या महायुद्धात समुद्रावर मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक मुंबईत खलाशांच्या वसतिगृहात आहे, आणि ज्यांना जमिनीवर समाधीच मिळाली नाही अशांचे ते आहे.

दुसऱ्या महायुद्धातील पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली. १९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला शिपाई आज सत्तरी ओलांडून गेला आहे, आणि कारगिलहून परतलेले तरुण आता प्रौढ झाले आहेत. त्यांच्याकडे अद्याप जाता येते. जावे कसे, याविषयी मात्र थोडा विवेक हवा. शाळेच्या व्यासपीठावर बसवून, हार घालून, दहा मिनिटांत शौर्यगाथा सांगावयास लावणे हा त्यांच्यावर अन्यायच असतो, कारण त्या दहा मिनिटांत जे सांगता येते ते सांगण्याजोगे बहुधा नसते, आणि जे सांगण्याजोगे असते त्याला संध्याकाळ लागते. किती शत्रू मारले, हा प्रश्न तर कोणीही विचारू नये. तुमच्या शेजारच्या खंदकात कोण होते, तो कोणत्या गावचा, त्याच्या घरी नंतर कोणी गेले का, शिधा कसा येई, घरचे पत्र किती दिवसांनी पोहोचे, पहिल्या रजेवर आलात तेव्हा आईने काय विचारले, असे प्रश्न विचारावेत. लोखंडी ट्रंक उघडली जाईल, डिस्चार्ज बुक निघेल, पलटणीचा एखादा पिवळा पडलेला समूह-फोटो निघेल. त्यातील प्रत्येक चेहऱ्याचे नाव, म्हातारा सांगत असताना, मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवावे. एखादा सैनिक बोलणार नाही. त्याच्या न बोलण्याचाही मान राखावा, आणि तरीही त्याच्याकडे जात राहावे.

आणि घरातील स्त्रियांना वगळू नये. यशवंत घाडग्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या तरुण पत्नीला स्वीकारावा लागला. त्या पदकामागील पुढच्या आयुष्याची नोंद करावयास कोणी बसले नाही. पलटण काश्मिरात वा नागालँडात असताना पेरणी कोणी केली, सावकाराशी कोण भांडले, तार आली ती कोणाकडून वाचून घेतली, पेन्शनीच्या कागदावर अंगठा उमटविण्यासाठी कचेरीच्या किती पायऱ्या चढाव्या लागल्या, हे त्याच सांगू शकतात, आणि युद्धाची जी बाजू कोणत्याही रेजिमेंटच्या इतिहासात सापडणार नाही ती त्यांच्याकडेच आहे. गावाने सैनिकांची वही घातली तर त्यांचे नाव व त्यांचे कथन त्याच वहीत, नवऱ्याच्या नोंदीला लागून असलेल्या पानावर, त्यांच्या स्वतःच्या शब्दांत उतरवून घ्यावे, आणि ती वही ग्रामसभेत वर्षातून एकदा मोठ्याने वाचली जावी.